सुपरचार्ज्ड ट्रक इंजिनला क्रँककेस ब्रीदर फिल्टर बसवताना

क्रँककेस म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातला, क्रँक फिरतो तो बंद कप्पा, आणि त्यात साचणारा वायू बाहेर सोडतो तो ब्रीदर फिल्टर. हातात घेतला तर त्यात फार काही आहे असं वाटत नाही. मुठीएवढी जाळी, खाली रबरी तोंड आणि एक क्लिप. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) निपलवर, म्हणजे बाहेर आलेल्या छोट्या नळीवर चढवायचा, क्लिप आवळायची, झालं. म्हणूनच सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) बसवून झाला की नवखा माणूस हे काम दहा मिनिटांत उरकून टाकतो. पुढे आयडलिंग हलायला लागतं, मागचं ऑइल सील पाझरतं, नाहीतर मीटरवर चेक इंजिनचा दिवा लागतो. यात फिल्टरचा दोष क्वचितच असतो. जुन्या नळ्या काढल्यावर जी तोंडं उघडी राहिली, त्यांचं काय केलं यावर या कामाचं बरंवाईट ठरतं. त्यामुळे या लेखात फिल्टरपेक्षा त्या तोंडांबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

हा लेख चार स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे, म्हणजे पिकअप ट्रकमध्ये असतं तसं, बहुतेक वेळा दोन टॅपेट कव्हरांचं व्ही-एट किंवा व्ही-सिक्स.

आत काय चालतं

रिंगा कितीही नव्या असोत, जळणाऱ्या वायूचा थोडा भाग त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. गॅरेजमध्ये याला बॅक कंप्रेशन म्हणतात. त्यात न जळलेलं इंधन असतं, पाण्याची वाफ असते, आम्लं असतात, आणि खाली फिरणाऱ्या क्रँकमुळे उडालेल्या ऑइलचं धुकंही मिसळतं. हे सगळं बाहेर काढलं नाही तर चेंबरमध्ये, म्हणजे याच क्रँककेसमध्ये, दाब वाढतो आणि वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर पडतं. आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग, मग क्रँकचं मागचं सील, कधी डिपस्टिकच वर उचलली जाते.

पूर्वी इंजिनाला खाली रस्त्याकडे तोंड केलेली एक उघडी नळी असायची, हा वायू तिच्यातून सरळ हवेत जायचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत धुरक्याचा प्रश्न पेटला आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू परत इंजिनात जाळायला पाठवणारा एकमार्गी व्हॉल्व्ह) आला. याची मांडणी सोपी आहे. एका कव्हरमधून पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाचं) व्हॅक्यूम क्रँककेसमधला वायू ओढून घेतं, आणि दुसऱ्या कव्हरमध्ये एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपमधून तेवढीच स्वच्छ हवा येते. इंजिनाच्या आत सतत वारा खेळता राहतो. ऑइल जास्त दिवस टिकतं ते या वाऱ्यामुळेच.

सुपरचार्जर आला की हे गणित बिघडतं. बूस्टमध्ये, म्हणजे सुपरचार्जर हवा दाबत असताना, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम उरतच नाही, उलट दाब असतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह उलट्या दाबाला बंद होतो खरा, पण तो बॅकफायरच्या क्षणिक झटक्यासाठी केलेला असतो, सतत अर्धा बार दाब घट्ट अडवून धरायला नाही. थोडा जरी गळला तरी सुपरचार्जर तुमच्या चेंबरमध्येच हवा भरायला लागतो. त्याच वेळी सिलिंडरमधला दाब वाढलेला असल्यामुळे बॅक कंप्रेशनही वाढलेलं असतं. म्हणजे वायू जास्त, आणि बाहेर जायची वाट एकच, तीही उलट्या दिशेची. स्वच्छ हवेच्या नळीतून ऑइलचं धुकं परत इनटेकमध्ये जातं, ब्लोअरच्या (म्हणजे सुपरचार्जरच्या) रोटरवर आणि दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पत्र्यांवर चिकटतं. ऑइल मिसळलेलं मिश्रण नॉकिंगला (अवेळी, झटक्याने पेटण्याला) लवकर बळी पडतं, आणि सुपरचार्ज्ड इंजिनात नॉकिंग म्हणजे पिस्टन फुटण्याची सुरुवात.

पायरी १: या इंजिनाला ब्रीदर लावावा का

आधी कायद्याचं. उघडा ब्रीदर हा वायू थेट हवेत सोडतो. बहुतेक देशांत रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची क्रँककेस वायुवीजन व्यवस्था बंदच असली पाहिजे, आणि ती काढणं म्हणजे प्रदूषण नियंत्रणाशी छेडछाड समजली जाते. शर्यतीच्या, शेतातल्या किंवा फक्त खासगी जागेत चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. रोजच्या रस्त्यावरच्या ट्रकसाठी माझं मत स्पष्ट आहे: बंद कॅच कॅन (वायूतलं ऑइल अडवून साठवणारा डबा) लावा आणि त्याची नळी परत इनटेकला जोडा. पायऱ्या जवळपास याच आहेत, फक्त फिल्टरच्या जागी कॅन येतो.

मग इंजिनाची तब्येत. ब्रीदर लावून घासलेल्या रिंगा बऱ्या होत नाहीत. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती गळते ते मोजणं) करून घ्या. प्रत्येक सिलिंडरची गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर बिनधास्त पुढे जा. २० च्या वर असेल आणि ऑइल फिलरमधून हवा फुसफुसताना ऐकू येत असेल, तर फिल्टरचे पैसे रिंगांसाठी ठेवा.

पायरी २: सुपरचार्जर कोणत्या जातीचा, आणि कोणती नळी कुठे जाते

बॉनेट उघडा, पण पान्याला हात लावू नका. मोबाइलने सगळ्या नळ्यांचे फोटो काढा आणि कागदावर साधी आकृती काढा. ही पायरी टाळायचा मोह होतो, पण पुढचा सगळा हिशेब या आकृतीवरच उभा आहे.

रूट्स किंवा ट्विन-स्क्रू ब्लोअर मॅनिफोल्डवरच बसतो आणि थ्रॉटल बॉडी (अॅक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप) त्याच्या आधी असते. इथे तीन प्रदेश पडतात. थ्रॉटलच्या आधीचा पाइप, जिथे दाब जवळपास वातावरणाएवढा असतो. थ्रॉटल आणि ब्लोअर यांच्या मधली जागा, जिथे व्हॅक्यूम असतं आणि बूस्ट कधीच येत नाही. आणि ब्लोअरच्या खालचं मॅनिफोल्ड, जिथे हलक्या पायाला, हवेला ब्लोअरभोवती वळसा देणाऱ्या बायपास व्हॉल्व्हमुळे व्हॅक्यूम असतं आणि पाय दाबला की बूस्ट. तुमची पीसीव्हीची नळी यातल्या कोणत्या प्रदेशात जाते ते आकृतीवर ठळक लिहा.

सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर पुढे बेल्टच्या बाजूला असतो आणि थ्रॉटल बॉडीच्या आधी हवा दाबतो. इथे एक सापळा आहे. मूळ गाडीत स्वच्छ हवेची नळी थ्रॉटलच्या जरा आधीच्या पाइपात जोडलेली असते. सुपरचार्जर लागल्यावर तोच पाइप बूस्टचा पाइप होतो. नळी तिथेच राहिली तर पूर्ण बूस्ट थेट टॅपेट कव्हरमध्ये जातो. डिपस्टिक उडण्याची अशी प्रकरणं पाहिली तर बऱ्याचदा कारण हेच निघतं, आणि लोक मात्र रिंगांना दोष देत बसतात.

(ट्रकला ब्लोअर ही नवलाई नाही. डेट्रॉइट डिझेलच्या १९३८ पासूनच्या ७१ मालिकेच्या टू-स्ट्रोक इंजिनांवर रूट्स ब्लोअर मुळातच असायचा. ६-७१ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंचांचे. शर्यतवाल्यांनी पुढे तोच ब्लोअर उचलून पेट्रोल व्ही-एटवर बसवला. पण त्या डिझेलमध्ये ब्लोअरचं मुख्य काम सिलिंडरमधला जळका वायू हुसकून नवी हवा भरणं हे होतं, त्यांच्या ब्रीदरचा हिशेब वेगळा.)

पायरी ३: मांडणी ठरवा

दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: पीसीव्ही ठेवायचा, त्याच्या नळीत बूस्ट अडवणारा चेक व्हॉल्व्ह घालायचा, आणि दुसऱ्या कव्हरवर ब्रीदर फिल्टर लावायचा. हलक्या पायाला पीसीव्ही ओढतो आणि हवा फिल्टरमधून आत येते. बूस्टमध्ये चेक व्हॉल्व्ह बंद होतो आणि वायू फिल्टरमधून बाहेर पडतो. इंजिनाच्या दृष्टीने हा रस्ता चांगला, कारण आतला वारा चालू राहतो.

पण एक अट आहे. तुमच्या इंजिनाला मास एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर हा रस्ता सोडून द्या. फिल्टरमधून आत आलेली हवा पीसीव्हीमार्गे मॅनिफोल्डमध्ये जाते, पण सेन्सरसमोरून जात नाही. ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) लेखी ती हवा नसतेच, म्हणून तेवढं पेट्रोल कमी पडतं. आयडलिंगला एकूण हवाच थोडी लागते आणि त्यातला चांगला वाटा पीसीव्हीतून येतो, त्यामुळे तिथेच इंजिन लीन होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) थरथरतं. पी०१७१ आणि पी०१७४ हे कोड दिसले की समजा. फक्त मॅप सेन्सरवर चालणाऱ्या इंजिनाला ही अडचण नाही, कारण ते मॅनिफोल्डमधला दाब मोजतं, हवा कुठून आली ते त्याला विचारावं लागत नाही.

दुसरा रस्ता: पीसीव्ही पूर्ण काढायचा आणि दोन्ही कव्हरांवर ब्रीदर. मोजमापाची भानगड नाही, बूस्ट खाली उतरण्याची भीती नाही. बदल्यात आतला वारा बंद पडतो. पाण्याची वाफ आणि इंधन ऑइलमध्येच साचतं, ऑइल लवकर काळं पडतं, आणि केबिनमध्ये वास येतो. शर्यतीच्या गाडीचं ऑइल वारंवार बदललं जातं म्हणून तिथे हे खपतं. रोज चार-पाच किलोमीटर चालवून बंद करायच्या गाडीला हा रस्ता मी सुचवणार नाही.

काही नव्या इंजिनांत क्रँककेसची नळी सुटली की ईसीयूला लगेच कळतं आणि कोड येतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे आधीच पाहून घ्या.

पायरी ४: सामान

फिल्टर घेताना बाहेरचा आकार आणि रंग बघू नका, आतल्या तोंडाचा व्यास बघा. १९ मिमीच्या निपलवर ९ मिमीचा फिल्टर अडॅप्टर लावून बसवला तर वाट चौपटीहून जास्त अरुंद होते. एएन मापात (नळ्या आणि फिटिंगच्या अमेरिकी मापात) बोलायचं तर १० नंबर म्हणजे ५/८ इंच आणि १२ नंबर म्हणजे ३/४ इंच. हा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात असतो. दोन्हींत दिसायला फरक फार नाही, पण क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. व्ही-एटला प्रत्येक कव्हरमागे किमान १० नंबर, आणि बूस्ट अर्ध्या बारच्या पुढे नेणार असाल तर १२.

नळी ऑइल सोसणारी हवी. नायट्राइल रबर चालतं, आतून फ्लुओरोइलॅस्टोमरचा थर असलेली आणखी चांगली. हीटरची नळी लावू नका, ऑइल लागलं की ती फुगून मऊ होते. साधी सिलिकॉनची रंगीत नळी दिसते झकास, पण ऑइलची वाफ तिच्यातून झिरपते आणि बाहेरून चिकट होते.

बाकी स्क्रूच्या क्लिपा, धातूचे प्लग, थ्रेड सीलंट, टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग, चिंध्या आणि क्लीनर. पहिल्या रस्त्याने जाणार असाल तर चेक व्हॉल्व्ह चांगल्यातला घ्या, गरम ऑइलच्या वाफेत टिकेल असा. मत्स्यालयाच्या पंपाला असतो तसल्या प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हवर इंजिन सोडू नका.

पायरी ५: कव्हरमध्ये वाट

कव्हरवर मोठं निपल आधीच असेल तर ही पायरी वाचून सोडून द्या.

भोक पाडायचं असेल तर कव्हर काढूनच पाडा. जागच्या जागी ड्रिल चालवून खाली ग्रीस लावलेली चिंधी धरायची युक्ती कुणीतरी सांगेलच. अॅल्युमिनियमचा एक कीस जरी रॉकरवरून खाली ऑइल पंपापर्यंत गेला तरी बेअरिंगला ओरखडे पडतात. इंजिन थंड असताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने नाही, तर बाहेरून मधल्या दिशेने थोडे थोडे सैल करा, म्हणजे कव्हर वाकत नाही.

कव्हर उलटं करून आत बघा. निपलच्या खाली एक पत्रा रिव्हेट केलेला दिसेल, तो बॅफल. रॉकरवरून उडणारं ऑइल सरळ निपलमध्ये जाऊ नये म्हणून तो असतो. अख्ख्या धातूतून कोरलेल्या दिखाऊ बिलेट कव्हरांत तो बऱ्याचदा नसतोच. बॅफलशिवाय ब्रीदर म्हणजे कव्हरवरून ऑइलचा ओघळ, मग तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, आणि तिथून धूर किंवा सरळ आग. बॅफल नसेल तर पत्र्याची एक पेटी बनवून बसवा, खाली ऑइल परत गळायला बारीक भोक ठेवा, आणि स्क्रूंना थ्रेडलॉकर लावा. आत सुटलेला स्क्रू कुठे जाईल याचा विचार करूनच तो आवळा.

भोकाची जागा बॅफलच्या वर, कव्हरच्या उंच भागात, रॉकरच्या टोकापासून लांब. अॅल्युमिनियमला बंग (आत आटे असलेली धातूची कडी) वेल्ड करून घेणं सर्वांत उत्तम. वेल्डिंग जमत नसेल तर बल्कहेड फिटिंग, दोन्ही बाजूंनी वायसर आणि आतून नट. कव्हर प्लॅस्टिकचं असेल तर ड्रिल बाजूला ठेवा. त्याच्या आत ऑइल वेगळं करणारे कप्पे चिकटवलेले असतात, ते फुटले की कव्हरच बदलावं लागतं.

ड्रिल झाल्यावर कव्हर धुवा, हवा मारा, परत धुवा. नवं पॅकिंग टाकून बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. तो आकडा लहान असतो, साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास, त्यामुळे मोठा पाना लावून ताकद दाखवू नका.

पायरी ६: उघडी तोंडं बंद करा

आता ती आकृती काढा. जी जी नळी काढली तिचं दुसरं टोक कुठे होतं ते बघा.

मॅनिफोल्डवरचं पीसीव्हीचं निपल हे सर्वांत धोक्याचं तोंड. नवखे लोक त्यावर काळी रबरी टोपी चढवतात. व्हॅक्यूममध्ये ती आत ओढली जाते आणि घट्ट बसल्यासारखी वाटते. बूस्ट आला की तीच बाहेर फुगते. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होतं, बुडाशी केसासारखी चीर पडते आणि एक दिवस भर चढावर टोपी उडून जाते. मग बूस्ट तिथून बाहेर, आणि पाय काढला की बिनमोजलेली हवा तिथूनच आत. निपल आट्यांचं असेल तर ते काढून टाका आणि सीलंट लावून धातूचा प्लग बसवा. टेफ्लॉन टेप इथे नको, तिचा फाटलेला तुकडा आत गेला तर बाहेर काढायला वाट नाही. निपल दाबून बसवलेलं असेल तर जाड नळीचा छोटा तुकडा, त्यात गुळगुळीत दांड्याचा बोल्ट, आणि दोन्हीकडे क्लिप. दिसायला गबाळं, पण टिकतं.

एअर फिल्टरनंतरच्या पाइपातलं स्वच्छ हवेचं तोंडही विसरू नका. ते उघडं राहिलं तर रस्त्यावरची धूळ फिल्टर न होता सरळ ब्लोअरमध्ये जाते, आणि रोटरमधली फट इतकी कमी असते की वाळू तिथे कानस बनते. तोच पाइप सेंट्रिफ्यूगलचा बूस्टचा पाइप असेल तर इथेही धातूचाच प्लग.

पीसीव्ही ठेवला असेल तर चेक व्हॉल्व्हचा बाण मॅनिफोल्डकडे. लावण्याआधी स्वच्छ नळीचा तुकडा जोडून तोंडाने फुंकून बघा. एका बाजूने हवा सहज जायला हवी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. 'थोडीशीच जाते' असा व्हॉल्व्ह परत करा.

पायरी ७: नळी आणि फिल्टर

कव्हरपासून फिल्टरपर्यंत नळी सतत वर चढत गेली पाहिजे. मध्ये झोळ पडला की त्यात ऑइल आणि पाणी साचतं, वाट बंद होते. थंड हवेच्या ठिकाणी तेच पाणी गोठतं आणि सकाळी इंजिन सुरू करताच सील बाहेर येतं. फिल्टर कव्हरपेक्षा उंच, पंख्यापासून आणि चाकाच्या चिखलापासून लांब. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर तर मुळीच नको, कारण फिल्टर कधी ना कधी टपकणारच.

फिल्टर थेट कव्हरवर बसवायचा असेल तर बॉनेट बंद करून उंची तपासा. निपलवरचं ऑइल पुसून कोरडं करा, फिल्टर पूर्ण खाली दाबा आणि क्लिप रबराच्या कडेवर नाही, मधोमध आवळा. नळी लांब असेल तर फिल्टरला ब्रॅकेट द्या, नुसत्या नळीवर लोंबकळत ठेवू नका.

पायरी ८: सुरू करून तपासणी

काम सुरू करण्याआधी स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) लिहून ठेवलेला असेल तर आता तो उपयोगी पडतो. इंजिन गरम करा आणि आयडलिंगला परत बघा. दोन-तीन टक्क्यांचा फरक काही नाही. आधी +३ होता आणि आता +१२ दाखवतोय, तर कुठलं तरी तोंड उघडं आहे किंवा मास एअरफ्लोच्या गाडीवर तुम्ही पहिला रस्ता धरला आहे.

ऑइल फिलरचं झाकण काढून तोंडावर कागद धरा. पीसीव्ही ठेवलेल्या मांडणीत कागद हलका ओढला जाईल. दोन्हीकडे ब्रीदर असतील तर तो बारीक फडफडेल. जोराने उडाला आणि मागोमाग निळसर धूर आला, तर पायरी १ कडे परत जा.

उभ्या गाडीत नुसती रेस देऊन बूस्टची परीक्षा होत नाही, कारण भार नसताना बूस्ट जवळजवळ बनतच नाही. गाडी चढावावर किंवा डायनोवर (भार टाकून इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) न्यावी लागते. डिपस्टिकच्या नळीला छोटा प्रेशर सेन्सर जोडून नोंद घेतली तर उत्तम. पूर्ण बूस्टला क्रँककेसचा दाब शून्याच्या जवळ राहायला हवा. अर्धा पीएसआय हा आकडा ऐकायला किरकोळ, पण पाण्यात मोजला तर तो ३५ सेंटिमीटरचा स्तंभ होतो, आणि तो तुमच्या प्रत्येक सीलवर चोवीस तास नाही तरी प्रत्येक चढावर दाबत असतो. तेवढा दाब दिसला तर नळी मोठी करा किंवा आणखी एक वाट काढा.

पहिल्या फेरीनंतर टॉर्च घेऊन कव्हरच्या कडा, मागचं सील आणि प्रत्येक क्लिप बघा. क्लिपा गरम-थंड होऊन सैल पडतात, त्या परत आवळाव्या लागतात.

नंतरची देखभाल

पाचशे किलोमीटरनंतर फिल्टर काढून उलटा धरा. आत थोडा ओलसरपणा असणारच. ऑइल टपकत असेल तर बॅफल कमी पडतोय. पिवळट, सायीसारखा लगदा दिसला तर ते ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी आहे. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत थंडीच्या दिवसांत हे दिसतं आणि इंजिन नीट गरम होईपर्यंत चालवलं की कमी होतं. लगदा वाढतच गेला आणि रेडिएटरचं पाणीही उतरत असेल, तर हेडचं पॅकिंग तपासून घ्या.

जाळीचा किंवा कापसाचा फिल्टर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून परत लावता येतो. फोमचा फिल्टर कडक होऊन तुकडे पडायला लागला की फेकून द्या. पीसीव्ही काढलेल्या इंजिनाचं ऑइल कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या बरंच आधी बदला, आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, त्याच दिवशी बदला.